दोनदा रिकॉल झालेली गाडी: ठेवावी, विकावी, की भांडावं?

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही नाशिकच्या इंदिरानगरला राहतो. २०२१ च्या दसऱ्याला साडेअकरा लाखांची डिझेल एसयूव्ही घेतली. मागच्या वर्षी कंपनीचा मेसेज आला की फ्युएल पंप तपासायचा आहे. सकाळी गाडी दिली, संध्याकाळी मिळाली, "झालं काम" म्हणाले. कागद काही दिला नाही. आता पेपरात वाचलं की याच मॉडेलच्या ब्रेकच्या व्हॅक्यूम पंपात दोष निघालाय. शोरूमला फोन केला तर म्हणे, तुमची गाडी यादीत आहे, पण पार्ट यायला दीड महिना लागेल, तोवर चालवायला हरकत नाही. माझं माहेर कल्याणचं. आई एकटी असते, दर पंधरा दिवसांनी मुलांना घेऊन कसारा घाट उतरून जाते. मिस्टर म्हणतात या कंपनीचं आता नाव नको, गाडी काढून टाकू. सिन्नरचे एक गृहस्थ बघून गेलेत, व्यवहार जवळजवळ ठरलाय. त्यांना रिकॉलचं, म्हणजे कंपनीने दोषापायी गाडी दुरुस्तीला बोलावल्याचं, अजून सांगितलेलं नाही. सासऱ्यांचा मात्र कंपनीवर पूर्ण विश्वास. "एवढी मोठी कंपनी, करतील ना दुरुस्त!" मी कुणाचं ऐकू?
(नाव देऊ नये ही विनंती.)

उत्तर

ताई, आधी कसारा घाटाचं बोलू. कंपनीवर विश्वास ठेवायचा की नाही याचा निकाल महिनाभर लांबला तरी बिघडत नाही. येत्या शनिवारी मुलांना मागे बसवून घाट उतरायचा की नाही, हे मात्र आजच ठरवायला हवं. उतरू नका.

कारण असं. ब्रेकच्या पेडलला जोर देणारा बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो. पेट्रोल इंजिन हवा ओढतं त्यातून हा व्हॅक्यूम बहुधा आपोआप मिळतो. डिझेल इंजिनाला त्यासाठी वेगळा पंप लागतो, आणि तुमच्या गाडीत नेमका तोच संशयित आहे. तो बंद पडला म्हणजे ब्रेकच गेले असं होत नाही, तेव्हा आधी ती भीती मनातून काढा. बूस्टरमध्ये जो व्हॅक्यूम साठलेला असतो त्यावर एक-दोनदा पेडल नेहमीसारखं दबतं. त्यानंतर ते कडक होतं आणि तीच गाडी थांबवायला पायाचा कितीतरी पट जोर लागतो. मुंबई नाक्याच्या सिग्नलला हे झालं तर माणूस दचकेल, शिव्या घालेल, पण सावरेल. कसाऱ्यात पुढे कंटेनर, मागे कंटेनर, पावसाळ्यात धुकं आणि पाय सतत ब्रेकवर. साठलेला व्हॅक्यूम तिथे पहिल्या एक-दोन वळणांतच संपेल.

कुणीतरी तुम्हाला समृद्धी महामार्गाचा पर्याय सुचवेल. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, बोगद्यामुळे कसारा घाट टळतो, हे खरं. पण घाट टळला तरी तिथला वेग जास्त, आणि जास्त वेगातली गाडी थांबवायला ब्रेकच लागतात. पार्ट बदलेपर्यंत नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस धरा आणि कल्याणला उतरा. मुलं कुरकुरतील, पण आईकडे नीट पोहोचाल.

तरी गाडी काढावीच लागली आणि पेडल कडक लागलं, तर पंप मारल्यासारखं पुन्हा पुन्हा दाबू नका, त्याने उरलासुरला व्हॅक्यूम जातो. एकदाच, पूर्ण जोर लावून दाबून धरा, गिअर खाली घ्या, इंजिन चालू राहू द्या. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करणारे महाभाग आपल्याकडे आहेत. इंजिन बंद म्हणजे धडधाकट गाडीचाही व्हॅक्यूम पंप बंद, हे त्यांना एकदा सांगायला हवं.

आता त्या "हरकत नाही"कडे वळू. हे वाक्य कोण बोललं? बहुधा सर्व्हिस ॲडव्हायजर. त्याचा राग करू नका. त्याच्याकडे पार्ट नाही, दिवसाला तीसेक गाड्या त्याच्या डोक्यावर, आणि वरून जे सांगितलं जातं तेच तो पुढे सांगतो. पण त्याचा शब्द हा कंपनीचा शब्द नाही. रिकॉल करताना कंपनीला हे स्पष्ट सांगता येतं. मारुती सुझुकीने १८ जानेवारी २०२३ ला एअरबॅगच्या कंट्रोलरसाठी १७,३६२ गाड्या परत बोलावल्या, तेव्हा पार्ट बदलेपर्यंत गाडी चालवू नका, असं ग्राहकांना स्वच्छ सांगितलं होतं. तुमच्या कंपनीचं म्हणणं "चालवा" असं असेल तर तेही लेखी येऊ द्या. कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा, शोरूमच्या वर्कशॉप मॅनेजरला त्याची प्रत ठेवा. मजकूर फार लांबवू नका, असा चालेल:

"माझ्या गाडीचा चेसिस नंबर अमुक. व्हॅक्यूम पंपाच्या रिकॉलमध्ये ती समाविष्ट असल्याचं आपल्या शोरूमने फोनवर सांगितलं. पार्ट बदलेपर्यंत ही गाडी घाटात आणि हायवेवर चालवणं सुरक्षित आहे का, हे हो किंवा नाही असं कळवावं. नसेल तर तोवर पर्यायी गाडीची किंवा प्रवासखर्चाची काय सोय करणार? पार्ट कोणत्या तारखेपर्यंत मिळेल? मागच्या वर्षीच्या फ्युएल पंपाच्या कामाचं जॉब कार्डही पाठवावं."

चेसिस नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो, आरसीवर मिळेल. तो घातल्याशिवाय पत्र पाठवू नका, नाहीतर "मॉडेलच्या काही गाड्या प्रभावित आहेत" असं गुळगुळीत उत्तर येतं.

तुमच्या पत्रातला एक मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला. पहिल्या रिकॉलचा तुमच्याकडे एकही कागद नाही. पंप बदलला, नुसता तपासला, की सॉफ्टवेअर अपडेट करून गाडी धुऊन दिली? तिन्हीला "झालं काम" म्हणता येतं. फुकटचं काम असलं तरी जॉब कार्ड निघतं, शून्य रुपयांचं बिल निघतं, आणि त्यावर बदललेल्या पार्टचा नंबर असतो. तो कागद मागून घ्या. गाडीच्या नोंदी कंपनीच्या सिस्टिममध्ये असतात, वर्ष उलटलं तरी निघतील. "सिस्टिममध्ये दिसत नाही" असं उत्तर आलं, तर काम झालंच नाही असं धरून चाला आणि पुन्हा करून घ्या.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मला कळतं. एकदा झालं, समजून घेतलं. दुसऱ्यांदा ब्रेकचं निघालं, आणि तेही पेपरातून कळलं. माणूस चिडणारच. पण कंपनी बदलली म्हणजे काळजी मिटली, हे गणित मला पटत नाही. नाशिकमध्ये राहून तर मुळीच नाही. अंबड, सातपूरच्या कारखान्यांत ज्याने चार वर्षं क्वालिटी तपासणीत काढलीत त्याला विचारा. एकाच शेडमधून निघालेला माल तीन-तीन गाडी कंपन्यांना जातो. शोरूमवरचं नाव वेगळं, बॉनेटखालचा व्हेंडर तोच. टकाटा या जपानी पुरवठादाराच्या एअरबॅगचं प्रकरण याचंच जगभर गाजलेलं उदाहरण. त्या एअरबॅग फुगवायला अमोनियम नायट्रेट वापरलं होतं. उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षं राहून ते खराब व्हायचं आणि मग नको तेवढ्या जोराने फुटून धातूचे तुकडे माणसाच्या अंगावर उडायचे. जीव वाचवायला बसवलेल्या वस्तूने जीव घेतले. एकट्या अमेरिकेत १९ गाडी कंपन्यांच्या मिळून सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅग त्यात सापडल्या. टकाटाने २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. तेव्हा या एअरबॅगपायी होंडावर रागावून दुसऱ्या कंपनीकडे गेलेल्या माणसाच्या नव्या गाडीतही टकाटाचीच एअरबॅग असू शकत होती.

मग कंपनी कशावरून जोखायची? रिकॉल किती झाले यावरून तर नाहीच. जिने कधीच रिकॉल केला नाही तिच्या गाड्या निर्दोष असतात असं समजणं भोळेपणा आहे. दोष कधी सापडला, सापडल्यावर किती दिवसांत बोलले आणि कुणाच्या रेट्याने बोलले, हे मी बघतो. वर सांगितलेल्या मारुतीच्या त्या गाड्या ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ या काळात बनलेल्या. शेवटची गाडी बनल्यावर सहाव्या दिवशी रिकॉल जाहीर झाला. आपल्या नाशिकचंच घ्या. महिंद्राच्या इथल्या कारखान्यात २१ जून ते २ जुलै २०२१ दरम्यान बनलेल्या सुमारे ६०० डिझेल गाड्या त्याच जुलैत कंपनीने तपासणीला बोलावल्या, कारण कारखान्यात आलेलं इंधन भेसळयुक्त असल्याचा संशय होता आणि त्याने इंजिनाचे भाग लवकर झिजण्याची भीती होती. बारा दिवसांचं उत्पादन, सहाशे गाड्या. चूक घडली, पण ती कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे कारखान्याला माहीत होतं. ज्याच्या नोंदी नीट असतात त्यालाच इतका नेमका रिकॉल करता येतो.

याच्या उलट जनरल मोटर्स. त्यांच्या काही गाड्यांचं इग्निशन स्विच इतकं ढिलं होतं की किल्ल्यांच्या जुडग्याच्या वजनाने, किंवा खड्ड्यात दणका बसल्यावर, चालत्या गाडीची चावी फिरायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, आणि ऐन धडकेच्या वेळी एअरबॅगही बंद. २००६ मध्ये तो स्विच गुपचूप सुधारला गेला, पण पार्ट नंबर जुनाच ठेवला. हे वाचून अंबडमधला कुठलाही इन्स्पेक्टर कपाळावर हात मारेल. ड्रॉइंग बदललं आणि नंबर बदलला नाही, तर चांगला माल कुठला आणि खराब कुठला हे नंतर देवालाही सांगता येत नाही. रिकॉल झाला २०१४ मध्ये. कंपनीच्याच भरपाई योजनेत १२४ मृत्यू मान्य झाले. २०१५ मध्ये कंपनीने ९० कोटी डॉलर भरले, ते दोष लपवल्याबद्दल. टोयोटानेही २०१४ मध्ये १२० कोटी डॉलर भरले, तेही गाड्या आपोआप वेग घेत असल्याच्या तक्रारींवर ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल.

तेव्हा यजमानांना सांगा, दोन रिकॉल झाले म्हणून रागावू नका. आपल्याला कुणी कळवलंच नाही, आपण पेपर वाचला म्हणून कळलं, यावर जरूर रागवा. अर्थात शोरूममध्ये तुमचा जुना मोबाइल नंबर असेल तर मेसेज तिकडे गेला असेल. हे आधी तपासा, मग भांडा. भांडण तेवढंच, पण पाया पक्का हवा.

सासऱ्यांशी वाद घालू नका. कंपनी दुरुस्त करून देईल हे त्यांचं म्हणणं बहुधा खरंच ठरेल. आपल्याकडे गाडी बदलून देण्यापेक्षा पार्ट बदलून देणं हाच रिवाज आहे आणि ते काम फुकट होतं. फक्त "मोठी कंपनी" हा भरवशाचा पुरावा मानू नका. वर आलेली एकही कंपनी लहान नव्हती.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. २०१२ पासून आपल्याकडे कंपन्यांच्या संघटनेची स्वेच्छा संहिता होती, म्हणजे मनात आलं तर रिकॉल. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने कलम ११०-अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. आता सात वर्षांपर्यंतच्या गाडीतल्या सुरक्षेच्या दोषासाठी सरकार कंपनीला रिकॉलचा हुकूम देऊ शकतं, आणि तशी वेळ आली तर गाडीचा प्रकार आणि संख्या बघून १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड होतो. तुमची गाडी या मुदतीत बसते. परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर रिकॉलचा वेगळा विभाग आहे, तिथे मालकाला स्वतः तक्रार नोंदवता येते. तुमची नोंदवून ठेवा. एकट्या तक्रारीने काही हलत नाही, पण सरकार ठराविक संख्येच्या तक्रारी जमल्यावरच चौकशीला हात घालतं, आणि ती संख्या तुमच्या-माझ्यासारख्यांच्या आळसामुळे भरत नाही.

ग्राहक आयोगाचं काय? ईमेलला आठ-दहा दिवसांत धड उत्तर आलं नाही, तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार द्या. पुष्कळ कंपन्या तिथूनच ताळ्यावर येतात. तरीही पार्ट मिळाला नाही, सोयही केली नाही, तर ती सेवेतील त्रुटी आहे. ती तुम्हाला नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात मांडता येईल, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथे दावा लावता येतो. तुमच्या गाडीच्या किमतीला फी ४०० रुपये. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होतो. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पण आत्ताच "गाडी परत घ्या, पैसे द्या" अशी मागणी घेऊन गेलात तर हाती काही लागेल असं मला वाटत नाही. दोष कंपनीने स्वतः सांगितला आहे, दुरुस्ती फुकट देऊ केली आहे आणि सुदैवाने तुमचं नुकसान झालेलं नाही. नुकसान झाल्यावर चित्र बदलतं. ह्युंदाई क्रेटाच्या अपघातात एअरबॅग उघडल्याच नाहीत, तेव्हा ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. धडकेचा वेग आणि बल यांची गणितं मांडायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, असं सांगून न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये भरपाईचा आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. तुमच्यावर ती वेळ येऊ नये यासाठीच सुरुवातीला पंचवटीचं सुचवलं.

राहिले सिन्नरचे गृहस्थ. या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे, आणि तुम्ही पत्रात हे एका ओळीत उरकलं असलं तरी खरी बोच तीच असावी असं वाटतं. यजमानांनी विकायचं ठरवलं तर जरूर विकावी, गाडी त्यांची आहे. पण आज, या पंपासकट, न सांगता नाही. जी गाडी आपल्या मुलांना घेऊन कसारा उतरायला नको, ती दुसऱ्याच्या मुलांना घेऊन संगमनेरच्या पुढचा चंदनापुरीचा घाट उतरेल. आणि त्या माणसाला कुणी कळवणारही नाही. शोरूमचे मेसेज पहिल्या मालकाच्या मोबाइलवर येत राहतात. गाडी दुसऱ्याच्या दारात आणि धोक्याची सूचना तुमच्या फोनमध्ये, असं होईल. सेकंडहँड गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने चेसिस नंबर देऊन शोरूममध्ये "यावर कुठलं रिकॉल बाकी आहे का" एवढं विचारावं, पण शंभरातले किती विचारतात? नैतिकतेचं बाजूला ठेवलं तरी, माहीत असलेला दोष मुद्दाम लपवून केलेला सौदा १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे फसवणुकीत मोडू शकतो आणि समोरचा तो रद्द करून घेऊ शकतो. यजमानांना नीतीपेक्षा ही ओळ लवकर पटेल असा माझा अंदाज आहे.

त्यांनीच आज सिन्नरला फोन करावा. "व्हॅक्यूम पंपाचं रिकॉल आहे, काम फुकट आहे, पार्ट आला की बदलून घेतो, मग गाडी घेऊन जा. घाई असेल तर दुसरी बघा." बयाणा घेतला असेल तर परत करायची तयारी ठेवा. गृहस्थ थांबले तर दोन्ही रिकॉलची जॉब कार्डं आरसीच्या झेरॉक्ससोबत त्यांच्या हातात द्या आणि शोरूमला त्यांचा मोबाइल नंबर कळवून मालक बदलल्याची नोंद करून घ्या. पुढचं रिकॉल आलं तर मेसेज त्यांना जाईल, आणि "रिकॉलची गाडी आहे" म्हणून भाव पाडायला त्यांच्याकडे कारण उरणार नाही.